कंबर मोजायची कुठे आणि आकडा वाचायचा कसा

समजा, एक बेचाळिशीचे गृहस्थ आहेत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढला तर २२.८ येतो, म्हणजे भारतीयांसाठी ठरवलेल्या कडक मर्यादेतही बसतो. दंड बारीक, चेहरा निमुळता, गळ्याची हाडं दिसतात. नातेवाईक म्हणतात, ‘यांच्या अंगाला काही लागतच नाही.’ पण शर्ट वर करून योग्य जागी टेप लावली तर कंबर ९२ सेंटिमीटर भरते. या माणसाची उपाशीपोटीची साखर १०८, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, निघालं तर डॉक्टरांना नवल वाटत नाही. घरच्यांना मात्र वाटतं, कारण वजनकाट्यावर कधी काही वावगं दिसलेलंच नसतं.

आपल्याकडच्या माणसाची चयापचयाची, म्हणजे मधुमेहासारख्या बिघाडांची, जोखीम ओळखायची तर पहिलं माप कमरेचं घ्यावं, वजनाचं त्यानंतर. यासाठी दीड मीटरची टेप आणि पाच मिनिटं पुरतात. अडचण एवढीच की बहुतेक घरांत आणि बऱ्याच तपासणी शिबिरांतही कंबर चुकीच्या जागी मोजली जाते. चुकलेलं माप बहुधा कमीच भरतं आणि माणूस निर्धास्त होतो.

आधी बीएमआयचं बघू. हे गणित बेल्जियमच्या आडॉल्फ केटले यांनी १८३२च्या सुमारास मांडलं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांच्या १९७२च्या अभ्यासातून मिळालं. लोकसमूहाचं सरासरी चित्र काढायला ते चांगलं आहे. पण वजनात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी नेमकी कुठे बसली आहे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. जगभर २५ आणि ३० या मर्यादा चालतात. आपल्याकडे २००९मध्ये तज्ज्ञांनी एकमताने त्या खाली आणल्या : २३पासून जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा. बदल योग्यच होता, पण वरचे गृहस्थ या नव्या चाळणीतूनही निसटतात.

ते का निसटतात, याचा बराचसा उलगडा पुण्यात झाला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९०च्या दशकात सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं लांबीला, डोक्याच्या घेराला, पोटातल्या अवयवांना आणि स्नायूंना कमी भरली. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळपास शाबूत होती. म्हणजे वजनाला कमी असलेलं बाळही चरबी राखूनच जन्माला येतं. पुढे २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखीच दिसणारी दोन माणसं आतून किती वेगळी असू शकतात, हे त्या एका चित्राने दाखवलं.

देशभरचे आकडेही तेच सांगतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा : बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के प्रौढ, पोटाच्या घेरानुसार लठ्ठ ३९.५ टक्के. नुसत्या वजनावर भरवसा ठेवला तर या दोन आकड्यांमधले लोक नजरेतून सुटतात.

पोटावरच्या चरबीलाच एवढं महत्त्व का, हे कळलं की टेप कुठे लावायची हेही कळतं. जास्तीची ऊर्जा साठवायची शरीराची खरी जागा कातडीखाली असते, मुख्यतः मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर. तिथली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते, किंबहुना थोडं संरक्षणच देते. आपल्या लोकांत ही जागा लवकर भरते. घरातली कपाटं भरली की सामान जिन्यात रचावं लागतं, तशी पुढची चरबी आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात आणि स्नायूंत जाऊन बसते. आतड्यांभोवतालच्या चरबीतून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स थेट लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. लिव्हर चरबीने भरलं की ते इन्सुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं होतं, रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहतं आणि ट्रायग्लिसराइडही वाढवतं. सकाळची उपाशीपोटीची साखर चढते ती इथून. पुरुषी घडणीची, म्हणजे धडावर साठणारी चरबी आणि मांड्यांवरची चरबी यांचे परिणाम वेगळे असतात, हे फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७मध्येच लिहून ठेवलं होतं.

आता मोजायचं कसं ते.

टेप निवडताना शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी टेप सहसा टाळावी. वर्षानुवर्षं ओढून ती ताणलेली असते, आणि ताणलेली टेप कंबर कमी दाखवते. फायबरची, न ताणणारी टेप शिवणसामानाच्या दुकानात स्वस्तात मिळते. घरातलीच वापरायची तर पोलादी पट्टीशेजारी ठेवून ३० सेंटिमीटर ताडून पाहा, आणि टेपच्या मधल्या भागातही एकदा तपासा. शून्य कुठे आहे हेही बघा. काही टेपचं शून्य पत्र्याच्या टोकावरच असतं, काहींचं थोडं आत. शिवणाच्या अनेक टेपना एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात आणि दोन्हींचे आकडे विरुद्ध टोकांपासून सुरू होतात. कमरेभोवती फिरवताना टेप पिळली गेली तर भलताच आकडा वाचला जातो. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच जास्त होते.

मोजायची वेळ सकाळची, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. जेवणानंतर पोट सहज दोन-तीन सेंटिमीटर वाढू शकतं, गॅस असेल तर आणखी. शर्ट, बनियन, साडी, कुर्ता बाजूला करून थेट कातडीवर मोजावं. पुरुषांनी पट्टा काढून पँट खाली सैल करावी. साडी नेसणाऱ्या बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीकडे खास लक्ष द्यावं लागतं. रोज त्याच जागी घट्ट बांधलेल्या नाडीचा वळ कमरेवर खोल उमटलेला असतो आणि टेप आपोआप त्या खोबणीत जाऊन बसते. तिथे माप कमी भरतं. नाडी सोडून पाच-दहा मिनिटं थांबावं आणि वळ कुठेही असला तरी हाडं चाचपून ठरवलेल्या जागीच टेप लावावी.

ही जागा ठरवणं हाच या कामाचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत बेंबी धरत नाहीत. सुटलेल्या पोटाची बेंबी खाली ओघळते, त्यामुळे ती खूण म्हणून निकामी आहे. काखेच्या मध्यापासून सरळ खाली बोट आणा. हाताला लागणारी शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या खालच्या कडेला पेनाने आडवी रेघ मारा. मग कमरेच्या बाजूचं हाड चाचपा. कळशी कडेवर घेताना जिथे टेकते तेच हे हाड. त्याच्या सर्वांत वरच्या कडेला दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजून बरोबर मध्यावर तिसरी खूण करा. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. टेप या मधल्या खुणांवरून फिरवायची. अंगावर चरबी जास्त असेल तर बरगडी सापडत नाही. तेव्हा मोजून घेणाऱ्याला किंचित एका बाजूला झुकायला सांगा, म्हणजे बरगडी आणि हाड यांच्यामधली जागा मुडपते आणि बोटांना कडा लागतात. खुणा झाल्या की पुन्हा ताठ उभं राहायचं.

पाय जुळवलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात बाजूला सैल. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी. ती पाठीमागे हमखास खाली घसरते आणि स्वतःचं स्वतः मोजणाऱ्याला ते दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्याने मोजावं, नाहीतर दोन आरसे तरी वापरावेत. टेप कातडीला चिकटलेली असावी, रुतलेली नसावी. मोजून झाल्यावर कातडीवर रेघ उमटली तर टेप जास्त ओढली गेली आहे. श्वासाचंही लक्षात ठेवा. टेप पोटाला लागताच जवळपास प्रत्येक जण नकळत पोट आत घेतो. ‘पोट सैल सोडा’ असं सांगून उपयोग होत नाही, माणूस आणखी आखडतो. त्याच्याशी बोलत राहा, दोन-तीन श्वास नेहमीसारखे होऊ द्या, आणि साधा श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचा. जोर लावून हवा बाहेर टाकायची नाही. आकडा मिलिमीटरपर्यंत लिहा. दोनदा मोजा. दोन मापांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर टेप काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पडला नाही तर दोन्हींची सरासरी धरा.

मोजणाऱ्याकडून होणारी एक चूक शिबिरांच्या तक्त्यांत स्पष्ट दिसते : आकडे शून्य आणि पाचवरच अडलेले असतात. ८०, ८५, ९०, ९५. जिथे सीमारेषाच ८० आणि ९० आहे तिथे अशी गोळाबेरीज म्हणजे कुणाला तरी फुकटचा धीर, नाहीतर फुकटची धास्ती. दुसरी अडचण आडोशाची. गावातल्या तपासणीत बायकांची कंबर साडीवरून मोजली जाते, कारण पडदा नसतो. एक खोली किंवा एक चादर आणि मोजायला बाई, एवढी सोय झाली तरी माप सुधारतं.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे दहा वर्षं ३४चीच पँट घालणाऱ्याची खरी कंबर ३८ इंच, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर असू शकते. तयार कपड्यांचे नंबरही कंपनीगणिक सैलसर असतात. टेलरने घेतलेलं माप पँट बसण्याच्या जागेचं असतं आणि त्याच्या कामासाठी तेच बरोबर आहे.

अमेरिकी पद्धतीत टेप कमरेच्या हाडाच्या अगदी वर लावतात. त्या जागी, विशेषतः बायकांत, आकडा मधल्या जागेपेक्षा जास्त येतो. त्यामुळे परदेशातला अहवाल आणि इथलं माप यांची तुलना करताना कोणती जागा वापरली ते आधी विचारा. घरी मोजताना एकच जागा धरून चालायचं.

आकडा आला, आता तो वाचायचा कसा? दक्षिण आशियाई लोकांसाठी सीमा आहे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. युरोपीय पुरुषांसाठी हाच आकडा ९४ आहे आणि अमेरिकेत १०२ धरतात, म्हणून इंटरनेटवरचा कुठलाही तक्ता उचलू नये. २००९च्या त्याच भारतीय एकमतात याआधीची एक पायरी आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही : पुरुष ७८, बायका ७२. इथे पोचलं की वजन पुढे वाढू द्यायचं नाही आणि हालचाल वाढवायची. ९० आणि ८०ला पोचलं की डॉक्टरांकडे जायचं. खालची पायरी मला जास्त कामाची वाटते, कारण त्या टप्प्यावर माणसाच्या हातात अजून बरंच काही असतं.

या ठोक आकड्यांत एक उणीव आहे, ती उंचीची. १५० सेंटिमीटरच्या बाईला आणि १७०च्या बाईला एकच ८० लावणं योग्य नाही. त्यासाठी कमरेला उंचीने भागायचं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२मध्ये हे माप मार्गदर्शनात घेतलं : ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ जोखीम वाढलेली, ०.६ आणि पुढे जोखीम मोठी. बाई-पुरुष दोघांनाही आणि सगळ्या वंशांना तेच आकडे. बीएमआय ३५च्या पुढे असेल तर हे माप काढायची गरज नाही, जोखीम तशीच उघड असते. आपल्याकडे याचा परिणाम बघा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला उंचीची निम्मी कंबर म्हणजे ८२.५. ठोक मर्यादा ९० धरली तर साडेसात सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सुटतो. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईला निम्मं ७६. दोघांचेही आकडे त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पडतात. आमच्या गृहस्थांचं ९२ भागिले १६५ म्हणजे ०.५६. मला विचाराल तर घरच्या वापराला हेच माप सर्वांत चांगलं. आकडे वाचता न येणाऱ्यालाही ते घेता येतं : डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी मोजून कापा, बरोबर मधोमध दुमडा आणि दुमडलेली दोरी कमरेच्या त्याच मधल्या जागी गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे.

उंचीही नीट मोजावी. आधार कार्डाच्या वेळची किंवा कॉलेजातली आठवणारी उंची धरू नये. चपला काढून, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर सरळ समोर ठेवून डोक्यावर पुठ्ठ्याचं जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा आणि खूण करा. आंबाडा किंवा क्लिप असेल तर सोडून ठेवा. संध्याकाळपर्यंत मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी होते, त्यामुळे हेही सकाळीच. साठीनंतर उंची खरोखरच घटते आणि त्यामुळे कंबर न वाढताही गुणोत्तर वर सरकतं. वयस्कर माणसांचं माप बघताना हे ध्यानात असू द्या.

कुल्ल्यांचं माप घ्यायचं तर सर्वांत फुगीर जागी, पाय जुळवून. कंबर भागिले कुल्ले हे गुणोत्तर पुरुषांत ०.९० आणि बायकांत ०.८५ किंवा जास्त आलं तर जोखीम वाढलेली समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, हे माप पहिल्यांदा देशभर घेतलं गेलं आणि सुमारे ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष या रेषेच्या वर निघाले. जोखीम ओळखायला ते चांगलं, पण प्रगती मोजायला वाईट. वजन उतरताना दोन्ही घेर कमी होतात आणि गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं, मग माणूस उगाच हिरमुसतो.

पोटऱ्यांकडेही बघा. आशियाई लोकांत पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी असल्याची शंका घेतात. हे माप मुळात वयस्करांसाठी आहे. पण हातपाय काड्या आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण दोन आकड्यांत पकडायची तर कंबर आणि पोटरी एकत्र लिहावी. जेवल्यानंतरची साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. ते कमी असले की साखरेला जायला जागाच उरत नाही.

मानेचं एक लक्षण टेपशिवाय दिसतं. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते. आया ती मळ समजून मुलांच्या माना घासतात. घासून ती जात नाही. रक्तात इन्सुलिन बराच काळ चढलेलं असल्याची ती खूण असते. मुलांत, विशेषतः गुटगुटीत मुलांत ती दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पाच वर्षांपुढच्या मुलांनाही कंबर-उंचीचं ०.५ चालतं. घरातल्या वजनकाट्यांवर जो चरबीचा टक्का उमटतो तो तळपायातून सोडलेल्या बारीक विजेवरून केलेला अंदाज असतो. पाणी प्यायलं, घाम गेला, तळवे कोरडे असले की तो बदलतो. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

कंबर मोजून जोखीम ठरवायची सोपी रीत चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५मध्ये दिली. तिला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक म्हणतात. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० आणि पुढे ३०. कंबर पुरुषांत ९० ते ९९, बायकांत ८० ते ८९ असेल तर १०, त्यापुढे २०. व्यायामही नाही आणि काम बैठं, तर ३०. दोन्हींपैकी एक असेल, म्हणजे नियमित व्यायाम किंवा अंगमेहनतीचं काम, तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर जोखीम मोठी, ३० ते ५० मध्यम. आमच्या गृहस्थांचे वयाचे २०, कमरेचे १०, बैठ्या कामाचे ३० आणि वडिलांच्या मधुमेहाचे १० धरले तर ७० होतात. रोजचा व्यायाम सुरू केला तर ६०, तरीही मोठ्या जोखमीतच. त्याबरोबर कंबरही ९०च्या खाली आली तर ५०. वय आणि वडील बदलता येत नाहीत, बाकीचे दोन रकाने मात्र बदलता येतात. आशा ताई तीस वर्षांपुढच्या माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात त्यातही कमरेचा प्रश्न आहे आणि सीमारेषा तिथेही ८० आणि ९०च. त्या अर्जात एकूण गुण ४च्या वर गेले की आधी तपासणीला बोलावतात. ताई टेप घेऊन दारात आल्या तर ‘आम्ही बरे आहोत’ म्हणून त्यांना परत पाठवू नका.

टेपने रोगाचं निदान होत नाही, कुणाची तपासणी आधी करायची एवढंच ठरतं. कंबर रेषेवर किंवा तिच्यापुढे असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि रक्तदाब बघावा. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. आपल्या लोकांत कित्येकदा उपाशीपोटीचा आकडा चांगला असतो आणि बिघाड खाल्ल्यानंतर दिसतो, म्हणून शंका राहिली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघतात. ती १४०च्या आत हवी. चयापचयाचा एकत्रित बिघाड, ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तो पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की धरतात : कंबर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० आणि बायकांत ५०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलं की ‘ते सगळ्यांनाच असतं’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. सगळ्यांना नसतं. कंबर वाढलेली आणि लिव्हरमध्ये चरबी, हे दोन्ही एकाच माणसात असेल तर साखर आणि लिपिड तपासणं टाळू नये.

पुढचा पाठपुरावा महिन्यातून एकदा पुरे. त्याच वाराला, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने मोजावं. एक-दोन सेंटिमीटरचा फरक मापाचाच असू शकतो, तीनच्या पुढचा खरा धरावा. वजन उतरलं, कंबर तशीच आणि पोटऱ्या-दंड सैल झाले तर गेलं ते स्नायूंचं वजन. उपासमारीने आणि नुसत्या भाजीवर राहून वजन उतरवणाऱ्यांचं हेच होतं. डाळ, कडधान्यं, अंडी, मासे, दही-ताक वाढवावं आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम ठेवावा. उलट काटा हलला नाही पण कंबर तीन सेंटिमीटर कमी झाली, तर काम बरोबर चाललं आहे. नुसत्या पोटाच्या व्यायामांनी पोटावरची चरबी वेगळी जळत नाही, आणि पोटाला बांधायच्या पट्ट्यांनी घाम जातो, चरबी नाही. चालणं वाया गेलं असं मात्र समजू नये. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहार आणि चालणं यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजन फारसं न उतरता.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही महिने हे माप लावू नये. पोटात पाणी झालं असेल, मोठी गाठ किंवा हर्निया असेल तेव्हाही टेपच्या आकड्याला अर्थ उरत नाही. चार-सहा आठवड्यांत पोट भराभर वाढलं आणि हातपाय उतरत चालले, तर ती ढेरी नाही. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि काहीही न करता कंबर महिन्याभरात उतरली, सोबत तहान वाढली आणि रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागू लागलं, तर पँट सैल झाली म्हणून खूश न होता दुसऱ्याच दिवशी साखर तपासा.